दिवेलागणीची आठ मिनिटं : वाळकेश्वरच्या गच्चीवरून नरिमन पॉइंट

मागणी साधी होती. मावसभाऊ दातांचा डॉक्टर, दवाखाना डोंबिवलीत. रंगकाम झालं आणि वेटिंग रूमची एक भिंत मोकळी राहिली. फोटोसाठी जागा आठ फूट रुंद, तीन फूट उंच. दादाचा फोन आला, "अगं, तिथे आपली मुंबई लाव. संध्याकाळची. समुद्र, इमारती, दिवे, सगळं हवं. पण काळाकुट्ट फोटो नको, लोक आधीच घाबरून आलेले असतात."

हा फोटो मिळवायला मला तीन संध्याकाळी लागल्या. तिन्ही एकाच गच्चीवर, एकाच डिसेंबरात (2024), जवळपास एकाच घडीला. पहिल्या दोन वाया गेल्या आणि त्यांची कारणं एकमेकांपासून अगदी वेगळी होती. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

जागा आधी ठरली

मरीन ड्राइव्हचा फोटो म्हटलं की बहुतेक जण नरिमन पॉइंटच्या टोकाला कठड्यावर तिवई लावतात आणि बुडणाऱ्या सूर्याकडे तोंड करतात. सूर्य छान येतो, शहर मात्र फोटोत राहत नाही. डिसेंबरात मुंबईत सूर्य पश्चिमेच्या सुमारे 25 अंश दक्षिणेला, म्हणजे होकायंत्रावर 245 अंशांच्या जवळ बुडतो. तिथून पाहिलं तर त्या दिशेला नुसता समुद्र आहे. शिवाय डिसेंबरच्या आभाळात ढग नसतात. क्षितिजावर धुरक्याचा थर असतो आणि सूर्य पाण्याला टेकायच्या आधीच त्या मळकट थरात विझतो. माझ्या मते हिवाळ्यातला मुंबईचा सूर्यास्त ही फारच वाखाणलेली गोष्ट आहे. खरी मजा त्याच्याकडे पाठ केल्यावर आहे.

म्हणून मी खाडीच्या पलीकडची बाजू धरली. वाळकेश्वरच्या उतारावर आईच्या ओळखीतल्या एक काकू राहतात. त्यांच्या जुन्या सातमजली इमारतीच्या गच्चीवरून आग्नेयेला पाहिलं की साडेतीन किलोमीटरवर नरिमन पॉइंटचे मनोरे, डावीकडे मरीन ड्राइव्हचा बाक आणि मध्ये बॅक बेचं पाणी. सूर्य उजव्या खांद्याच्या किंचित मागे, मलबार हिलच्या आड. टेकडीमुळे आपण सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी सावलीत जातो, पण समोरच्या मनोऱ्यांवर ऊन शेवटपर्यंत राहतं, कारण त्यांच्या आणि सूर्याच्या मध्ये फक्त समुद्र आहे. एअर इंडियाची ती 1974 सालची तेवीस मजली इमारत पावणेसहाला अशी उजळते की जणू आतून कुणी शेगडी पेटवली.

आणि सूर्य बुडाल्यावर खरी गंमत पूर्वेला सुरू होते. पृथ्वीची स्वतःची सावली क्षितिजावरून वर चढते, राखाडी-निळा पट्टा, आणि त्याच्या डोक्यावर फिकट गुलाबी. सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला तो सगळ्यात ठसठशीत असतो. डिसेंबरात ही दिशा साधारण 65 अंश, म्हणजे माझ्या फ्रेमच्या बाहेर, डाव्या हाताला. त्यामुळे डाव्या कोपऱ्यात गुलाबी आणि उजवीकडे जाता जाता निळं होत गेलेलं आभाळ आपोआप मिळतं. पश्चिमेकडे तोंड करून उभ्या असलेल्यांना याचा पत्ताही नसतो.

पहिली संध्याकाळ : रविवार

8 डिसेंबर. माझ्याकडे 24 मेगापिक्सेलचा एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) कॅमेरा आणि 35 मिलिमीटरची लेन्स. आडव्या फ्रेममध्ये साधारण 37 अंश मावतात, मरीन लाइन्सच्या अलीकडून नरिमन पॉइंटच्या टोकापर्यंत नेमके. एक फ्रेम, एक क्लिक, काम झालं असं वाटलं. सूर्यास्त सहाच्या सुमारास झाला, सहा वीसला आभाळ सुंदर निळं झालं, मी खूश.

घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिलं तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली म्हणजे आकडेमोड, जी निघायच्या आधी करायला हवी होती. आठ फूट म्हणजे 96 इंच. फोटो 6000 पिक्सेल रुंद. इंचाला जेमतेम 62 पिक्सेल. वेटिंग रूममध्ये माणूस भिंतीपासून चार फुटांवर बसणार आणि त्याला वाचायला दुसरं काही नसणार. तो या फोटोतली खिडकी न् खिडकी बघणार. 62 मध्ये खिडक्यांचा भुसा दिसतो.

दुसरी गोष्ट जास्त लाजिरवाणी. नरिमन पॉइंट अंधारात होतं. मरीन ड्राइव्हच्या दिव्यांचा हार लखलखत होता, रस्त्यावर गाड्या वाहत होत्या, आणि उजवीकडचे उंच मनोरे मात्र भुतासारखे काळे, तुरळक एखादा मजला सोडला तर. रविवार! ऑफिसांचा भाग आहे तो. रविवारी तिथे कोण दिवा लावणार? गेली पंधरा वर्षं मी या शहराचे फोटो काढते आणि ही गोष्ट डोक्यात आली नव्हती, कारण माझी सुट्टी रविवारी असते.

मग कॅलेंडर आणि सूर्यास्ताचं कोष्टक शेजारी ठेवून बसले. मुंबईत सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीस, सहाच्या ठोक्याला. सर्वांत उशिराचा जूनअखेर-जुलैच्या सुरुवातीला, सात वीसच्या आसपास. आभाळ निळं आणि दिवे लागलेले अशी घडी सूर्यास्तानंतर पंधरा ते पंचवीस मिनिटांत येते. म्हणजे हिवाळ्यात ती सव्वासहा ते साडेसहाला पडते, ऑफिसं पुरती भरलेली असताना. मे महिन्यात तीच साडेसातला येते, तोवर निम्मी माणसं चर्चगेटला लोकलच्या रांगेत. जूनमध्ये तर पाऊसच. थोडक्यात, नरिमन पॉइंटच्या खिडक्या आणि निळं आभाळ एकत्र हवं असेल तर दिवाळीपासून जानेवारीपर्यंतचे कामाचे दिवस एवढाच हंगाम. त्यातही हवा सगळ्यात स्वच्छ असते ती पाऊस सरल्यावर लगेच. तो मुहूर्त मी दिवाळीच्या फराळात घालवला होता.

मधल्या शनिवारी, 14 तारखेला, दत्तजयंती होती. दादा म्हणाला, "पौर्णिमेचा चंद्र घे ना त्यात." मोह झाला, पण चंद्र उगवणार होता माझ्या चौकटीच्या बराच डावीकडे. आणि पुन्हा तेच, शनिवारी खिडक्या काळ्या.

दुसरी संध्याकाळ : बुधवार

18 डिसेंबर. या वेळी 85 मिलिमीटरची लेन्स आणि पॅनोरमा, म्हणजे शेजारशेजारच्या फ्रेम्स जोडून केलेला रुंद फोटो. कॅमेरा उभा धरायचा, म्हणजे एका फ्रेमची रुंदी 4000 पिक्सेल आणि उंची 6000. शेजारच्या फ्रेमशी 35 टक्के भाग सामाईक ठेवला की प्रत्येक नव्या फ्रेममुळे 2600 पिक्सेलची भर. पाच फ्रेम्सचे 4000 अधिक चार गुणिले 2600, झाले बरोबर 14,400. आठ फुटांना इंचाला 150. उंचीला लागणार 5400, हातात 6000, म्हणजे वरखाली थोडं कापायला मोकळीक. दर फ्रेमला कॅमेरा सुमारे सात अंश फिरवायचा. तिवईच्या डोक्यावर अंशांची पट्टी आहे, पण अंधारात ती दिसत नाही, म्हणून मी इन्सुलेशन टेपचे पाच तुकडे चिकटवून बोटाने चाचपडत फिरवते. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल. एकही गोष्ट कॅमेऱ्यावर सोडली की दोन फ्रेम्समधली शिवण दिसते.

खिडक्या भरलेल्या होत्या. हवा बरी होती. घड्याळात सहा अठ्ठावीस झाले तेव्हा मी आठ सेकंदांच्या पाच फ्रेम्स घेतल्या आणि मनात फोटो भिंतीवर टांगूनही टाकला.

घरी आल्यावर जोडलेल्या चित्रात आभाळाच्या पायऱ्या दिसल्या. डावीकडून उजवीकडे प्रत्येक शिवणीला आभाळ एक छटा गडद. कारण लगेच सापडलं. कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू राहिलं होतं. ते चालू असलं की आठ सेकंदांचा फोटो काढल्यावर कॅमेरा आणखी आठ सेकंद पडदा मिटून एक काळी फ्रेम घेतो आणि तोवर आपण हात चोळत उभं राहायचं. पाच फ्रेम्स आणि फिरवाफिरवी मिळून पावणेदोन मिनिटांच्या आसपास गेली.

पावणेदोन मिनिटांत काय बिघडतं? विषुववृत्ताच्या जवळच्या प्रदेशात बरंच बिघडतं. सूर्य क्षितिजावर असताना मोकळ्या जागेत साधारण 400 लक्स (उजेडाचं माप) उजेड असतो. तो क्षितिजाखाली सहा अंश गेला, म्हणजे ज्याला नागरी संधिप्रकाश म्हणतात तो संपला, की उरतात तीन-साडेतीन लक्स. जवळजवळ सात स्टॉपची घसरण (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्म्यावर). लंडनमध्ये जून महिन्यात या घसरणीला पाऊण तासाहून जास्त वेळ लागतो, कारण तिथे सूर्य तिरका तिरका बुडतो. आपल्याकडे तो जवळपास सरळ खाली जातो आणि बावीस ते चोवीस मिनिटांत खेळ खलास. हिशेब केला तर दर तीन मिनिटांना एक स्टॉप. माझ्या पहिल्या आणि पाचव्या फ्रेममध्ये अर्ध्या स्टॉपहून जास्त फरक पडला होता. परदेशी छायाचित्रकारांचे धडे वाचून 'निळ्या तासा'ची स्वस्थ वाट बघणाऱ्याला मुंबईत तास मिळत नाही.

हे दुरुस्त करण्याजोगं होतं. संगणकावर तासभर घासून आभाळ सारखं केलं असतं. पण मग फोटो शंभर टक्के मोठा करून पाहिला. पाचपैकी तीन फ्रेम्समध्ये प्रत्येक खिडकी दोनदा उमटलेली. एकीला लागून दुसरी, उभ्या दिशेने सरकलेली. वारा नव्हता. तिवई भक्कम. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. रिमोटने क्लिक. मग हललं काय?

पेला

शुक्रवारी चार वाजताच गच्चीवर गेले आणि दर काही मिनिटांनी चाचणीचे फोटो काढत बसले. कधी स्वच्छ, कधी दुहेरी, मेळ लागेना. काकू वाळत घातलेले कपडे काढायला वर आल्या. येताना माझ्यासाठी पाण्याचा स्टीलचा पेला घेऊन आल्या होत्या. "किती वेळ उभी आहेस अशी, पाणी तरी पी." मी तो तिवईशेजारी जमिनीवर ठेवला आणि पुन्हा व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा घातला.

थोड्या वेळाने उचलायला वाकले तर पेल्यातल्या पाण्यावर बारीक गोल वलयं उठत होती. एकात एक, अगदी नाजूक. दोन-चार सेकंदांत थांबली. परत उठली. त्याच वेळी मागून घर्र आवाज आला, जो मी तीन संध्याकाळी ऐकत होते आणि ऐकत नव्हते. लिफ्टची मशीन रूम. गच्चीवर, माझ्यापासून दहा फुटांवर. कुणी लिफ्ट बोलावली की मोटर सुरू होते आणि अख्खी स्लॅब थरथरते. पायाला कळत नाही, 85 मिलिमीटरच्या लेन्सला कळतं. आणि सव्वासहा ते साडेसहा ही नेमकी लोक कामावरून घरी यायची वेळ, त्यामुळे लिफ्टला उसंत नाही.

मी पेला उचलला आणि गच्चीभर फिरले. पाण्याच्या टाकीजवळ ठेवला, वलयं. मधोमध ठेवला, सगळ्यात जास्त. आग्नेयेच्या कोपऱ्यात, जिथे खालून इमारतीचा कॉलम वर येतो तिथे कठड्यालगत ठेवला आणि काकूंना म्हटलं, जरा लिफ्टचं बटण दाबता का? त्यांनी दाबलं. पाणी आरशासारखं. काकूंना वाटलं मी कसला तरी तोडगा करते आहे. तिवई तिथे हलवली, पाय आखूड केले, मधल्या आकड्याला कॅमेऱ्याची बॅग लटकवली. तेव्हापासून माझ्या बॅगेत एक छोटा पेला असतो.

तिसरी संध्याकाळ : शुक्रवार, 20 डिसेंबर

सूर्यास्त सहा वाजून पाच मिनिटांच्या सुमारास. सेन्सरची संवेदनशीलता आयएसओ 100, लेन्सचं छिद्र एफ/8, दोन्ही कायम. ठरवलं की दर तीन मिनिटांनी पाच फ्रेम्सचा एक संच घ्यायचा आणि दर वेळी एक्स्पोजरची वेळ दुप्पट करायची. सहा तेराला पाव सेकंद, सोळाला अर्धा, एकोणिसाला एक, बाविसाला दोन, पंचविसाला चार. त्यापुढे चारवरच थांबायचं, कारण आभाळ कितीही अंधारलं तरी दिव्यांचा उजेड तेवढाच राहतो. वेळ वाढवत गेलं तर ते पांढरे फटक होणार.

या कामाचं सगळं मर्म यातच आहे. दिव्यांचा उजेड स्थिर, आभाळाचा घसरता. दोन्ही रेषा एकदाच एकमेकींना छेदतात. त्या छेदाच्या अलीकडे फोटो काढला तर दिवे मिणमिणते, कुणी चुकून दिवसा लावून ठेवल्यासारखे. पलीकडे काढला तर काळ्या मखमलीवर मणी. फोटोवाले या घडीला ब्लू अवर म्हणतात. आपल्याकडे दिवेलागण हा शब्द आहे आणि तो जास्त अचूक आहे, कारण त्यात आभाळाइतकाच दिव्यालाही मान आहे. सव्वासहाच्या सुमारास खालच्या मजल्यावर काकूंनी देवापुढे समई लावली, उघड्या खिडकीतून उदबत्तीचा वास वर आला, आणि समोर मरीन ड्राइव्हचे दिवे पट्ट्यापट्ट्याने लागत गेले.

दिव्यांच्या रंगाबद्दल थोडं. हा हार पूर्वी सोडियमचा, पिवळाजर्द होता. 2015 च्या सुमारास तिथे पांढरे एलईडी बसवले, त्यावर बरीच ओरड झाली आणि नंतर पिवळसर एलईडी आले. आजचा पिवळा त्या जुन्या सोडियमइतका नारिंगी नाही, आणि ऑफिसांच्या खिडक्या निळसर पांढऱ्या. कॅमेऱ्याला आपोआप रंग ठरवू दिले तर तो यातल्या एकाची बाजू घेतो. मी व्हाइट बॅलन्स 3900 केल्विनवर (प्रकाशाच्या रंगाचं माप) ठेवला. हार उबदार राहिला, खिडक्या थंड, आणि आभाळाचा निळा बिघडला नाही. जाता जाता, तो निळा दिवसाच्या निळ्यापेक्षा वेगळा का दिसतो? सूर्य क्षितिजाखाली असताना प्रकाश ओझोनच्या थरातून लांबचा पल्ला मारून येतो आणि ओझोन त्यातला पिवळा-नारिंगी भाग खातो. निळा उरतो, खोल आणि गार.

सात संच झाले. एका संचाला नॉइज रिडक्शन बंद असल्यामुळे जास्तीत जास्त पाऊण मिनिट. शिवणी जुळल्या. कॅमेरा बिनचूक सपाट ठेवला होता, त्यामुळे पाण्याची कड कुठेही वाकली नाही. वर-खालचा अनावश्यक भाग नंतर कापला. डाव्या कोपऱ्यात इराण्याच्या चहात दूध पडावं तसा गुलाबी रंग विरत चालला होता.

निवड

घरी सातही पट्ट्या एकाखाली एक लावल्या. सहा तेरा आणि सोळा बाद. सहा एकोणीसमध्ये आभाळ सगळ्यात देखणं, गुलाबी अजून आहे, पण हार फिका. सहा पंचवीसमध्ये हार दिमाखदार, मात्र मनोऱ्यांच्या डोक्यावरच्या पाट्या जळून पांढऱ्या. सहा बावीसमध्ये दोन्ही थोडं थोडं सोडलेलं आणि दोन्ही पुरेसं.

इथे एक मोह होतो. पावणेसहाचं मनोऱ्यांवरचं सोनं आणि सहा पंचवीसचे दिवे एकाच चित्रात मिसळायचे. तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे, तिवई हलली नव्हती. समाजमाध्यमांवरचे निम्मे गाजलेले फोटो असेच बनतात. मला ते पटत नाही. पश्चिमेच्या भिंतीवर ऊन आणि त्याच भिंतीखाली रस्त्यावरचे दिवे भरात, असा क्षण शहरात येतच नाही, आणि रोज मरीन ड्राइव्हवरून जाणाऱ्या माणसाला कारण सांगता आलं नाही तरी काहीतरी खटकतंच. मिसळलं ते एवढंच : बाविसाच्या संचातल्या जळलेल्या तीन-चार पाट्यांवर एकोणिसाच्या संचातल्या पाट्या बसवल्या. तीन मिनिटांची लबाडी.

छापण्यापूर्वी एक फूट रुंदीची पट्टी छापून घेतली आणि दवाखान्याच्या ट्यूबलाइटखाली धरली. पडद्यावर बरोबर वाटणारं आभाळ कागदावर गडद झालं होतं. अर्धा स्टॉप उजळ केलं. चकचकीत कागदावर ट्यूबलाइटचा पट्टा दिसत होता, म्हणून मॅट कागद. आठ फुटांच्या भिंतीवर एअर इंडियाची इमारत जेमतेम अर्धी वीत उंच आली. दादा आधी हिरमुसला. "एवढीशीच?" मग जवळ जाऊन खिडक्या मोजायला लागला.

काकूंना आभार म्हणून एक लहान प्रत द्यायची होती. सातही पट्ट्या लॅपटॉपवर दाखवल्या आणि म्हटलं, तुम्हीच निवडा. त्यांनी चष्मा लावला, बाविसाची पट्टी ओलांडून सरळ शेवटच्या, सहा एकतीसच्या काळ्या पट्टीवर बोट ठेवलं.

"ही दे," म्हणाल्या. "हिच्यात हार दिसतो."